तीन वर्षांखालच्या पोरांची उन्हाळी कलाकुसर: आधी काय, मग काय, आणि चुकतं कुठं

एप्रिल उजाडला की कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर शेजारपाजारची बारकी पोरं जमतात. सोबत आया, आज्ज्या, एखादा बाबा. हौस कुणाचीच कमी नसते, सामानही बरंच असतं. चुकतो तो क्रम. आधी पोराला मांडीवर घेतात, मग कात्री शोधतात, मग खळ शिजवायला ठेवतात. तोवर पोर वैतागून रडायला लागतं, आई घामानं निथळते आणि शेवटी सगळी कलाकुसर आईच उरकते. पोराच्या वाट्याला येतो फक्त फोटो.

म्हणून इथं वस्तूंपेक्षा क्रमावर जास्त लिहिलंय. पोर सगळ्यांत शेवटी आणायचं, एवढं आत्ताच डोक्यात ठेवा.

टप्पा १ : वेळ धरा

सकाळी साडेआठ ते दहा. संध्याकाळी साडेपाचनंतरही जमतं, पण मे महिन्यात वळवाचा भरवसा नाही. ढग गडगडले की वीज जाते, पंखा बंद पडतो आणि पोरं बिथरतात. दुपारी बारा ते चार पत्र्याखाली किंवा माडीवर बसूच नका.

दूध किंवा जेवण झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. झोपेची वेळ जवळ आली असेल तर आजचा बेत सोडून द्या.

आता मुख्य चूक. आमच्याकडं रीत अशी की पोराला तेल लावून, न्हाऊ घालून, तीट लावून चकाचक करायचं आणि मग खेळायला आणायचं. हे उलटं करा. आधी खेळ, मग तेल आणि अंघोळ. तेलकट हाताला रंग धरत नाही, कागद निसटतो. आणि नुकतं न्हालेलं पोर मळलं की घरातल्या सगळ्यांचा जीव खालीवर होतो. गेल्या वर्षी एक आज्जी सुनेला म्हणाल्या, "अगं, मळू दे की जरा, नंतर धुवायचंच हाय न्हवं!" त्यांचं बरोबर होतं.

किती वेळ? तीन-चार महिन्यांच्या बाळाला दोन-तीन मिनिटं, वर्षाच्या पोराला पाच-सात, अडीच वर्षांच्याला पंधरा. तयारीला अर्धा तास आणि खेळ पाच मिनिटं, हे गणित मनाला पटत नाही, पण तेच खरं आहे.

> सावधान : सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळा आहे म्हणून वरचं पाणी पाजू नका. आईचं दूध पुरतं, फक्त जास्त वेळा पाजावं लागतं.

टप्पा २ : स्वतःचे हात आणि जागा

एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडं वर्षाची चटणी करायचे दिवस. मिरच्यांची देठं काढायची, वाळवायच्या, डंकावरून कुटून आणायच्या. ते तिखट साध्या पाण्यानं जात नाही, साबणानंही पुरतं जात नाही. आधी हाताला गोडंतेल चोळा, मग साबणानं दोनदा धुवा. शंका असेल तर जिभेचं टोक बोटाला लावून बघा. ज्या दिवशी घरात चटणीचं काम असेल त्या दिवशी रंगांना सुट्टी द्या. पोर तेच बोट डोळ्यात घालतं.

जागा म्हणून सोप्यातली किंवा स्वयंपाकघरातली फरशी चांगली. खाली जुनं सुती लुगडं किंवा चादर अंथरा. पोतं नको, त्याचे धागे सुटतात आणि तोंडात जातात. खोलीतली भरलेली बादली, घमेलं, टब रिकामा करून पालथा घाला. बारकं पोर चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, तेही आवाज न करता.

टप्पा ३ : भोकाची परीक्षा

जाड पुठ्ठ्यात साडेचार सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक कापा. हा पुठ्ठा सामानाच्या पिशवीत कायमचा ठेवा. त्या भोकातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या पोरापुढं ठेवायची नाही. मणी, बटणं, टिकल्या, घुंगरू, चिंचोके, सीताफळाच्या बिया सगळ्या यात गेल्या. फुगे आणि थर्मोकोल भोकात अडकले तरी बाद: फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटतो आणि थर्मोकोलचे दाणे सुटतात. बटणासारखे चपटे सेल आणि लोहचुंबक तर त्या खोलीतही नकोत.

परातीत डाळ-तांदूळ देऊन पोराला बसवायची टूम सध्या बरीच चाललीय. मी ती बंद केली. हरभरा, वाटाणा, राजमा नाकात किंवा कानात गेला की ओलीनं फुगतो. असं झालंच तर पिन, चिमटा, काडी काही घालू नका, थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा.

दोरी, नाडी, रिबीन एका वितीपेक्षा लांब नको.

> हे आधी वाचून ठेवा : घशात काही अडकलं आणि पोर खोकत असेल तर खोकू द्या. वर्षाखालच्या बाळाचा आवाजच बंद झाला, श्वास येईना, तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं ५ थापा द्या. तरी निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब द्या, परत पालथं करा, असं आलटून पालटून. तोवर दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. दिसत नसलेली वस्तू काढायला तोंडात बोट फिरवू नका, ती आणखी आत जाते.

टप्पा ४ : वस्तू तयार करा, पण पोराच्या वयाची

इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. तीन महिन्यांच्या बाळाचा पाय रंगात बुडवून कागदावर ठसा घेतात आणि त्याला हस्तकला म्हणतात. बाळाला त्यात गार पायाशिवाय काही मिळत नाही. खाली दिलेल्यातलं एकच निवडा. एका दिवशी दोन नकोत.

*जन्मापासून चार महिने : चिमणाळं*

पाळण्यावर चिमणाळं बांधायची रीत घरोघरी होती, आता बाजारातलं प्लॅस्टिकचं फिरतं खेळणं आलंय. घरी केलेलं जास्त उपयोगी, कारण रंग आपल्या हातात असतात. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं, म्हणजे वीतभर किंवा थोडं जास्त. आणि त्याला फिका गुलाबी, फिका निळा वेगळा कळत नाही. काळं-पांढरं, आणि त्यात लाल, एवढंच ठसठशीत हवं.

१. शिंप्याकडून काळ्या, पांढऱ्या आणि लाल सुती चिंध्या आणा. बाळंतिणीच्या घरात काळं नको म्हणणारी आज्जी असेल तर पहिल्या संक्रांतीच्या काळ्या झबल्याची आठवण काढा, वाद मिटतो.

२. चिंध्या धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्या. रंग जातो का ते पहिल्याच धुण्यात कळेल. जात असेल तर ती चिंधी पोतेऱ्याला.

३. तळहाताएवढ्या तीन चिमण्या कापा. तीनच. कापूस भरून बारीक दुहेरी शिवण घाला. डोळ्यांसाठी मणी नको, दोऱ्याची गाठ किंवा टाका पुरे.

४. आता पोटाकडच्या बाजूवर पांढऱ्यावर काळे पट्टे शिवा. हा टप्पा सगळे चुकवतात. आपण उभं राहून बघतो, तेव्हा चिमणीची पाठ सुंदर दिसते. बाळ खालून बघतं, त्याला दिसतं ते पोट.

५. तिन्ही चिमण्या एका आडव्या काडीला आखूड दोऱ्यांनी घट्ट बांधा आणि काडी पाळण्याच्या वरच्या दांडीला. बाळाच्या तोंडावर नको, छातीच्या वर आणि किंचित एका कुशीला येईल असं बांधा. या वयात बाळाची मान बहुतेक वेळ एका बाजूला कललेली असते. दोन दिवसांनी दुसऱ्या कुशीला फिरवा.

*तपासणी :* बांधून झाल्यावर बाळाच्या डोक्याच्या जागी स्वतःचं डोकं नेऊन वर बघा. तुम्हाला नुसत्या कडा दिसत असतील तर बाळालाही तेवढंच दिसणार. मग प्रत्येक चिमणी जोरात ओढून बघा.

बाळ जागं असतानाच चिमणाळं वर राहू द्या. झोपलं की काढा. आणि बाळ हात उंचावून त्याला धरायला लागलं, बहुधा चौथ्या महिन्याच्या सुमारास, की कायमचं काढून ठेवा.

*चार ते नऊ महिने : हाताची वाकळ*

गोधडीला आपण वाकळ म्हणतो, हे तिचं बारकं पिल्लू. दोन हात लांब-रुंद. टॉवेलचा तुकडा, मखमल, खादी, काठपदराचा मऊ काठ, जुनी जीन्स असे सहा-सात वेगळ्या पोताचे तुकडे जवळजवळ टीप मारून शिवा. जरीचा काठ बोचतो, तो घेऊ नका. जाळीचं कापडही नको, बोट अडकतं. चारही कडा दुमडून शिवा.

बाळाला त्यावर पालथं घाला, समोर तुम्ही पालथे पडा. मान आणि खांदे यातूनच धरतात, आणि पुढं पेन्सिल धरायची ताकद खांद्यातूनच खाली उतरते. बाळ रडलं तर अर्ध्या मिनिटात उचला, तासाभरानं परत. वाकळ खेळायची आहे, अंथरायची नाही. तिच्यावर झोपवू नका.

*दहा महिन्यांपासून पुढं : खळीचे रंग*

बाजारच्या बोटरंगाच्या डबीवर "विषारी नाही" लिहिलेलं असतं, तरी या वयाचं पोर रंग आधी चाखतं आणि मग लावतं. म्हणून शिजवलेली खळ.

१. पातेल्यात एक वाटी गार पाणी घ्या. त्यात पोह्यांच्या चमच्यानं तीन चमचे कॉर्नफ्लोअर घालून गुठळी न राहता कालवा. गरम पाण्यात पीठ टाकलं की गाठी होतात, आणि मग चाळणीवर घासत बसावं लागतं.

२. मंद आचेवर सतत ढवळत तीन-चार मिनिटं शिजवा. पांढरट दूध जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. मीठ, साखर, मध काही घालायचं नाही. मध तर वर्षाच्या आत कुठल्याच रूपात नको.

३. पूर्ण गार होऊ द्या. वरून गार लागते, आतून भाजते. चमच्यानं तळातून उलटून मगच मनगटावर टेकवून बघा.

४. दोन वाट्यांत विभागा. एकीत चिमूटभर हळद, दुसरीत बिटाचा रस. हिरवा हवा तर पालक उकडून, वाटून, गाळून. एका वेळी एकच रंग पुढं ठेवा. पाच रंग दिले की दोन मिनिटांत सगळ्याचा शेणकाला होतो आणि पोराला रंग असा दिसतच नाही. होळीचा उरलेला रंग, कुंकू, गुलाल यातलं काही वापरायचं नाही.

५. जाड कार्डशीटचा मोठा तुकडा चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीनं फरशीला चिकटवा. कागद सरकला की पोर रंग सोडून कागदच उचलतं.

खळ त्याच दिवशी संपवा. आपल्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबते.

*सव्वा वर्षापासून : पाण्यानं रंगवणं*

उन्हाळ्यातली सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगली कला. चुना मारायचा नवा, स्वच्छ, मध्यम कुंचला आणि अर्धा तांब्या पाणी. काळी किंवा शहाबादी फरशी, कुंपणाची भिंत, दगडी पायरी. पाणी लागलं की काळं होतं, वाऱ्यानं वाळून परत फिकं. पोर पुन्हा मारतं. उभ्या भिंतीवर हात वर करून मारलं की खांदा, कोपर, मनगट सगळं कामाला लागतं. सावलीतली भिंत निवडा, तापलेली नको, आणि तांब्या तुमच्या हाताशी ठेवा.

*दोन वर्षांपासून : उकडीचा गोळा*

मीठ घालून केलेली कणकेची माती पोरांना देऊ नका. खूप मीठ पोटात गेलं तर लहान अंगाला ते भारी पडतं. कच्ची कणीकही नको, कच्च्या पिठात जंतू असू शकतात. मोदकाला करतो तशी उकड काढा: एक वाटी पाण्याला उकळी, त्यात चमचाभर तेल, एक वाटी तांदळाचं पीठ, ढवळून झाकण, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ. निवल्यावर मळा. आपण रंकाळ्यावरच्या भेळेएवढ्या आवडीनं उकड खात नाही, पोरं मात्र खातात, तेव्हा मीठ नसणं बरंच.

पोराला मोसंबीएवढा एकच गोळा द्या. चिमटायला, थापायला, अंगठा खुपसायला. बारीक गोळ्या करून समोर मांडू नका, त्या घशात जातात. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं नाही तर दहा मिनिटांत गोळ्याला भेगा पडतात.

शाहूपुरी किंवा बापट कॅम्पच्या कुंभारवाड्यातून माती आणायचा मोह मलाही होतो. पण वस्तू तोंडात घालायची सवय पुरती सुटेपर्यंत, म्हणजे साधारण तीन वर्षांपर्यंत, थांबा.

*अडीच वर्षांपासून : ठसे आणि फाडकाम*

जून झालेली भेंडी देठाकडून दोन बोटं ठेवून कापा. देठाची बाजू पोराच्या मुठीत, कापलेली बाजू खळीच्या रंगात. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. पानांचे ठसेही छान होतात, पण पानं तुम्ही निवडा: आंबा, जांभूळ, पेरू चालतील. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. बागेतून पोरानं स्वतः तोडून आणलेलं पान आधी ओळखा.

कागद फाडणं कात्रीच्या आधी. दोन्ही हातांची बोटं विरुद्ध दिशेला ओढणं हेच मोठं काम आहे. वर्तमानपत्र नको, शाई हाताला आणि तिथून तोंडाला लागते. पतंगी कागदाचाही रंग ओला झाला की सुटतो. जुन्या वहीची कोरी पानं बरी.

टप्पा ५ : आता पोर आणा

आधी ही यादी मनात म्हणा: चादर अंथरली, ओलं फडकं हाताशी, वस्तू भोकाच्या परीक्षेतून गेली, खळ गार, फोन लांब. फोन लांब यासाठी की पाच मिनिटांपैकी तीन मिनिटं फोटोत जातात आणि नजर पोरावरून हटते.

अंगात जुनं बनियन किंवा नुसती चड्डी. आत्यानं आणलेला फ्रॉक घालून आलेल्या पोरीला तिची आई दर मिनिटाला "हात झटकू नको" म्हणत होती. शेवटी पोरगी हात मागं बांधून बसली.

टप्पा ६ : हात आवरा, तुमचे

पोराचा हात धरून रेघ काढू नका. हात तुमचा चालतो, त्याचा नाही. पहिल्यांदा तुम्ही एक बोट बुडवून कागदावर ओढा, आणि मग गप्प बसा. गप्प म्हणजे मनात वीस मोजेपर्यंत. बहुतेक मोठ्यांना पाचच्या पुढं जमत नाही.

वर्ष-सव्वा वर्षाचं पोर खडू मुठीत धरतं, तसंच धरू द्या. बोटांची पकड हळूहळू खाली उतरते. दोन वर्षांच्या आसपास उभी रेघ, तीनच्या आसपास गोल, असा साधारण क्रम असतो. पोरागणिक महिने मागंपुढं होतात.

"काय काढलंस?" असं विचारू नका, त्यानं काहीच काढलेलं नसतं. जे दिसतंय ते बोला: "गार लागलं व्हय?", "लाल लाल झालं", "अजून ओढतोयस". घरात जी भाषा बोलता तीच. उगाच पुस्तकी किंवा इंग्रजी रंगांची नावं घोकून घेऊ नका, शब्द आपोआप बसतात.

> थांबायची खूण : लहान बाळ नजर वळवतं, जांभई देतं, पाठ ताणतं. मोठं पोर वस्तू भिरकावतं किंवा तोंडात कोंबायला लागतं. त्या क्षणी बंद. "अजून एक फूल काढू" नाही.

खेळताना काही गोष्टी सहज नजरेला पडतात. चौथा महिना संपला तरी बाळ हलत्या वस्तूमागं नजर फिरवत नसेल, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाच्या आतच कायम एकच हात वापरून दुसरा दुमडलेला ठेवत असेल, किंवा आधी येणारं काही आता येईनासं झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शेजारच्या काकू "आमचंबी असंच होतं" म्हणाल्या तरी दाखवा.

टप्पा ७ : आवराआवर

आधी पोर, मग पसारा. पोराला पसाऱ्यात सोडून तुम्ही वाट्या धुवायला गेलात की उरलेली खळ केसांत जाते. चादर चारही टोकांनी उचला, तशीच बाजूला ठेवा, पोराला उचलून थेट तेल-अंघोळीला. दोन वर्षांच्या पुढच्या पोराला फडक्यानं फरशी पुसायला द्या, तोही त्याला खेळच वाटतो.

हळदीचा डाग पडलेल्या चादरीला साबण लागला की डाग लालभडक होतो आणि बायका घाबरून आणखी घासतात. घासू नका. साबणातल्या क्षारामुळं हळद लाल होते, नीट खळबळली की परत पिवळी दिसते. मग तशीच ओली चादर माडीवर दुपारच्या उन्हात पसरा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडं ऊन मागावं लागत नाही. एका दुपारीत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली करून टाका. बिटाच्या डागावर मात्र लगेच गार पाणी ओता; तो वाळला की चादर पुढच्या खेळासाठीच राखून ठेवावी लागते.